जमीन बंद कारखान्याची, पाणी शेजारच्या विहिरीचे

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले, तेव्हा आपल्या भागात त्यांची फारशी चर्चा झाली नाही. तेलाने वा रसायनाने नासलेल्या जमिनी हा माहुल-चेंबूरचा किंवा गुजरातेतील वापीचा प्रश्न. सातपुड्याच्या पायथ्याकडील हिवरखेडसारख्या गावाचा त्याच्याशी संबंध काय, अशी समजूत असणे स्वाभाविक आहे. ती तपासून पाहावी लागेल. कारण या नियमांनी पहिले काम जिल्हा प्रशासनावरच सोपविले आहे. संशयित स्थळांचा अहवाल त्याने दर सहा महिन्यांनी द्यावयाचा, त्यानंतर ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढील ९० दिवसांत सविस्तर तपासणी व्हावयाची. जे स्थळ जिल्ह्याच्या यादीत आले नाही, त्याच्यापुरती ही सारी यंत्रणा नसल्यासारखीच.

वऱ्हाडात अशी स्थळे कोठली? एके काळी हा प्रदेश जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांनी गजबजलेला होता. वाफेवर चालणारे कारखाने पुढे ऑइल इंजिनांवर आले आणि त्यांतले पुष्कळ कालांतराने बंद पडले. इंजिनघराबाहेर वर्षानुवर्षे ओतलेले जळके तेल, आवारातील इंधनाची टाकी, जुन्या पेट्रोल पंपाखाली गाडलेल्या लोखंडी टाक्या, बाजाराच्या गावातील रॉकेलचे डेपो यांची नोंद कोणत्या दप्तरात आहे? हिवरखेडातील अमुक जागा दूषित आहे असा दावा येथे करावयाचा नाही. उद्या कोणी विचारलेच, तर होकार किंवा नकार देण्याइतकी माहिती कोणाजवळ आहे, एवढाच प्रश्न आहे.

जमिनीत तेल आहे म्हणजे माणसाला अपाय होणारच, असे मात्र नाही. विष, त्याचा मार्ग आणि त्या मार्गाच्या टोकाशी असलेला माणूस, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच धोका उत्पन्न होतो. अमेरिकेत जमिनीखालील टाक्यांच्या गळतीची पाच लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली. सगळी माती उकरून काढणे अशक्य ठरले, आणि १९९५ साली तेथील ए.एस.टी.एम. या मानक संस्थेने धोक्याच्या प्रमाणात उपाय ठरविण्याची पद्धत मार्गदर्शक म्हणून मांडली. पद्धत शहाणपणाची आहे. पण तिच्यातील आकडे उचलून आपल्या मातीला लावणे शहाणपणाचे नाही.

आपली काळी माती चिकण. पावसाळ्यात ती फुगून मिटते आणि तेल अडवून धरते. हीच माती वैशाखात भेगाळते, आणि त्या भेगांतून सांडलेले तेल सरळ खाली उतरू शकते. पाण्याहून हलके असल्याने ते भूजलावर तरंगते. त्यातील बेन्झीनसारखे घटक मात्र पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे सरकतात. तेव्हा नमुना कोणत्या महिन्यात घेतला, यालाही महत्त्व आहे.

पाण्याचीही तीच गत. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी मुळात पिण्याजोगे नसल्याने तेथे पिण्याचा मार्ग बराचसा तुटलेला असतो. उत्तरेकडे सातपुड्याच्या बाजूला गोडे पाणी लागते, तेथे तो उघडा आहे. एकाच जिल्ह्यात, काही कोसांच्या अंतराने, तेवढ्याच तेलाचा धोका वेगळा. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची पेयजलमानके ठरविताना साधारणतः ६० किलो वजनाचा माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो असे धरले जाते. एप्रिलच्या उन्हात निंदणीला जाणारी बाई २ लिटरांत कशी भागवील?

तपासणी कशाची करावयाची, हाही प्रश्न आहेच. रक्ताच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या बेन्झीनची मर्यादा त्या संघटनेने लिटरला ०.०१ मिलिग्रॅम सांगितली आहे. आपल्या पेयजलमानकात खनिज तेलाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पन्नासपट. एकूण तेल मर्यादेत निघाले म्हणून बेन्झीनही मर्यादेत आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही. आणि ग्रामपंचायतीला मिळालेल्या पाणीतपासणी संचात क्षार, नायट्रेट, फ्लोराइड कळते; पेट्रोलचा अंश त्यात कळत नाही. ‘पाणी तपासले, योग्य आहे’ हा शेरा वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

बंद कारखान्याची जमीन पडीक असते तोवर धोका बहुधा झोपलेला असतो. तेथे निवासी ले-आउट पडला, प्लॉट विकले गेले, प्रत्येकाने अंगणात बोअर मारली, की तुटलेला मार्ग जोडला जातो. बंद खोलीत जमिनीतून झिरपणारी वाफ तर दिसतही नाही. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली लोकांच्या बोअरमधून इंधनमिश्रित पाणी येऊ लागले, तेव्हा भूमिगत वाहिनीतील गळती उघडकीस आली. तेथे निदान वास आला. थोड्या अंशाला वासही नसतो.

घबराटीचे मात्र कारण नाही. मातीतील जिवाणू, प्राणवायू मिळाला तर, बेन्झीनही खाऊन टाकतात. पुष्कळ ठिकाणी गळती थांबवून विहिरीवर लक्ष ठेवणे एवढाच उपाय पुरतो. तो पुरेल की नाही, हे मोजल्यावाचून सांगता येत नाही, इतकेच. मोजणारी मोठी संस्था, ‘नीरी’, १९५८ पासून नागपुरात आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेपाशी विहिरींच्या पातळीच्या नोंदी आहेत.

नव्या नियमांचेही फार कौतुक करण्यासारखी स्थिती नाही. ते जारी झाले त्या सुमारास देशात १०३ दूषित स्थळे निश्चित झालेली होती आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती अवघ्या ७ ठिकाणी. दूषित ठरलेली जागा अमुक मुदतीत स्वच्छ झालीच पाहिजे, असे बंधन नियमांत नाही.

यादी तेवढी आपल्या हातात आहे. जिनाचे इंजिनघर कोठे होते, पंपाची टाकी कोठे पुरली होती, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तलाठ्याने आणि ग्रामसेवकाने त्यांच्यासह एकदा शिवार फिरून गट क्रमांक लिहून घ्यावेत, आणि त्या गटांवरील ले-आउटला मंजुरी देण्याआधी माती व पाणी तपासल्याचा अहवाल नगररचना कार्यालयाने मागावा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरे आहे.