बाबांना आत्ताच विचारून ठेवा

रात्री अडीच-तीनला आयसीयूचं दार उघडून "पेशंटचं कोण आहे?" असं विचारण्याचं काम मी २८ वर्षं केलं. बाकड्यावर पेंगत बसलेली चार माणसं धडपडून उठतात. डॉक्टर सांगतात, श्वास पुरत नाही, नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल, इथे सही करा. पुढच्या दहा मिनिटांत त्या घरातल्या मोठ्या मुलाची जी अवस्था होते, ती तयारीशिवाय कुणावर येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

त्या दहा मिनिटांत त्याला विचारलं जातं, "तुमचं काय म्हणणं आहे?" चूक इथेच होते. देह आईचा, आणि इच्छा विचारायची मुलाची. मुलाला आई हवी असते, दुसरं काय हवं असणार? तो म्हणतो, "जे करता येईल ते सगळं करा." हे 'सगळं' म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आई पंच्याऐंशीची, कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला. ती नळी ओढते म्हणून तिचे हात पट्टीने खाटेला बांधतात. नाकातल्या नळीतून पातळ अन्न जातं. दोन आठवड्यांनी गळ्याला छिद्र पाडावं लागतं. हृदय थांबलं की छाती इतक्या जोराने दाबावी लागते की म्हाताऱ्या बरगड्या मोडतात. माझ्या हातांनी मोडल्या आहेत.

व्हेंटिलेटरशी माझं वैर नाही. न्यूमोनिया झालेला पस्तिशीचा माणूस त्याच यंत्रावरून उतरून चालत घरी गेलेला मी पाहिला आहे. जिथे बरं होण्याची आशा आहे तिथे लढायलाच हवं. मी बोलते आहे ते आशा संपल्यानंतरचं.

एका घराची गोष्ट विसरता येत नाही. गृहस्थ अकरा दिवस मशीनवर होते. थोरला अमेरिकेत. त्याचा रोज फोन यायचा, "मी पोचेपर्यंत काही काढू नका." धाकटा कर्ज काढत होता. मुलगी डॉक्टरांशी भांडत होती. तिघांचाही जीव वडिलांवर होता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांची आई कोपऱ्यात बसून असायची. बाराव्या दिवशी मी तिला चहा दिला तेव्हा ती म्हणाली, "गेल्या दिवाळीत भाऊजींना असंच बघून आलो ना, तेव्हा हे म्हणाले होते, मला कधी असं ठेवू नका." मी म्हटलं, "काकू, मग मुलांना का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही हो."

म्हणून त्या दारापाशी उभं राहायची वेळ आली, तर "आपण काय करायचं?" असं एकमेकांना विचारू नका. "ते आत्ता बोलू शकले असते तर काय म्हणाले असते?" असं विचारा. आणि ज्या माणसाने त्यांच्यासोबत चाळीस वर्षं काढली, तिला आधी विचारा. डॉक्टरांनाही सरळ विचारा की या उपचाराने माणूस बरा होणार आहे, की फक्त मरण लांबणार आहे. प्रामाणिक डॉक्टरला हा प्रश्न जड जात नाही. उलट तो विचारला जाण्याची वाट पाहणारे कितीतरी मला माहीत आहेत.

कायदाही याच बाजूला सरकत आला आहे. शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या जागी, तातडीची गरज नसताना, तिच्या आईने दिलेली संमती चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं. मग अरुणा शानबाग. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये हल्ला झालेली ही परिचारिका २०१५ मध्ये गेली, आणि मधली ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. २०११ मध्ये न्यायालयाने तिला जगवणारे उपचार थांबवावेत हा अर्ज फेटाळला, पण उपचार थांबवण्याची वाट इतरांसाठी उघडली. २०१८ मध्ये घटनापीठाने 'लिव्हिंग विल', म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, मान्य केलं. पण तेव्हाच्या अटी इतक्या किचकट होत्या की कागद कागदच राहायचा. जानेवारी २०२३ मध्ये त्या सोप्या झाल्या.

आता करायचं ते एवढंच. आपण सज्ञान आणि भानावर असताना, कुणाच्या दबावाशिवाय, लिहून ठेवायचं: बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. एक प्रत घरच्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. कार्यालयात कुणी "असं काही नसतं" म्हणालं, तर हे सांगा.

मुलं मालमत्तेसाठी घाई करतील, अशी भीती अनेकांना वाटते. ती खोटी नाही. म्हणूनच कागद असला तरी दोन वेगवेगळ्या वैद्यकीय मंडळांचं एकमत लागतं, दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा आजही गुन्हाच आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त छळते. पैसे संपले की लोक 'डामा' घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून पेशंटला घरी नेतात. नळ्या काढून, वेदनेवरचं औषध न देता, अँब्युलन्समध्ये. कित्येकांचा जीव वाटेतच जातो, आणि मुलगा आयुष्यभर म्हणत राहतो, मी बाबांना मारलं. असं करू नका. मशीन थांबवलं तरी काळजी थांबत नसते. दम लागणं आणि दुखणं कमी करता येतं, त्याची औषधं आहेत, त्यातले जाणकार आहेत. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना विनामूल्य अशी सेवा देतं. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. तुमच्या डॉक्टरला "पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल?" एवढं विचारा. शब्द पाठ करून ठेवा.

या विषयाला तोंड कसं फोडायचं, असं मला नेहमी विचारतात. कुणाच्या तेराव्याहून परत येताना गाडीत बोला, तेव्हा सगळ्यांच्या मनात तेच असतं. आई-बाबांना विचारण्याआधी स्वतःचं सांगा. "अशुभ बोलू नकोस" म्हणून ते गप्प करतील. दोन महिन्यांनी पुन्हा काढा.

मी माझं इच्छापत्र गेल्या श्रावणात केलं. माझ्या वतीने बोलायला मुलगी आणि भाची, अशी दोन नावं घातली. मुलगी वाचताना रडली, मग बराच वेळ कागदाकडे बघत बसली. म्हणाली, "आई, नळ्या नकोत ते कळलं. पण ओठांना पाणी लावायचं ना?" ते मी लिहायचं विसरले होते. पेन मागून घेतलं आणि लिहिलं.