लंगोट कोणी धुवायचे?

फराळाच्या ताटाशी लंगोटाचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी प्रथमच क्षमा करावी. पण ज्या घरात तान्हे मूल आहे, त्या घरात दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या आधी कोणते काम उरकावे लागते ते त्या घरच्या बायकांना विचारा. आणि ज्या घरात तान्हे मूल नाही त्या घरचे वाचकही एके काळी लंगोटातच होते; तेव्हा विषय अगदीच परका आहे असे कोणी म्हणू नये.

निमित्त असे झाले. यंदा ऐन आषाढात माझ्या पुतणीला मुलगी झाली. पहिलटकरीण, म्हणून माहेरी, म्हणजे आमच्याकडे लालबागला आलेली. बाराव्या दिवशी बारसे झाले. तिच्या कचेरीतल्या मैत्रिणींनी खाकी पुठ्ठ्याची एक देखणी पेटी आणली. पेटीवर हिरवे पान काढलेले आणि आत ‘निसर्गस्नेही’ बाळाचा सगळा सरंजाम: सेंद्रिय कापसाची झबली, बांबूच्या धाग्याचे सहा लंगोट, बिनरंगाचा लाकडी खुळखुळा आणि दात घासायला बांबूचा ब्रश. मुलीच्या तोंडात अजून दात नाही. पण पुढेमागे तिच्या दातांपासून पृथ्वीला धोका पोचू नये अशी तजवीज झाली होती. किमतीची चिठ्ठी काढायची राहून गेली होती. ती वाचून वहिनीने लंगोट पुन्हा घडी करून पेटीत ठेवले. म्हणाली, “हे भिजवायचे कसे? पंधरा दिवसांचा किराणा आहे हा.”

मी पडलो मास्तर. मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, तरी इतकी वर्षे बालवाडीच्या पोरांसमोर बोलून बोलून, चार माणसे एकत्र दिसली की तो वर्ग समजायची खोड लागलेली आहे. त्यात दोन-चार कादंबऱ्या नावावर. मी लगेच सुरू केले. आमच्या वेळी काय होते? वडिलांचे जुने धोतर फाडून लंगोट, आजीच्या लुगड्याची गोदडी, आईच्या साडीची झोळी, थोरल्याची झबली धाकट्याला आणि धाकट्याची शेजारच्या खोलीत. कोणी त्याला निसर्गस्नेही म्हणत नव्हते, त्याला संसार म्हणत होते! आणि आजच्या मुली? उठसूट डायपर! जमलेली माणसे माना डोलवत होती. मला स्फुरण चढले.

पाळण्याशी बसलेली पुतणी शांतपणे म्हणाली, “काका, पटलं. मग उद्यापासून लंगोट तुम्ही धुवा.”

सगळे हसले. वहिनी तेवढी हसली नाही.

आता माघार घेणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवसापासून बादली माझ्याकडे आली आणि एक महिना ती माझ्याकडे राहिली. पहिल्या दिवशी मी मोजले: चौदा लंगोट आणि पाच दुपटी. आधी घाण काढायची, मग थंड पाण्यात भिजत घालायचे, मग साबण, मग कढत पाणी, मग साबणाचा अंशही राहू नये म्हणून दोनदा खळबळायचे. आमच्या नळाला पाणी सकाळी दीड तास आणि संध्याकाळी पाऊण तास. त्या वेळात आंघोळी, स्वयंपाक, पिंप भरणे आणि माझी बादली. चौथ्या दिवशी बोटांची साले निघाली. सातव्या दिवशी मी शाळेत खडू धरताना तोंड वाकडे केले, तर एका पोराने विचारले, “गुरुजी, हात भाजला?”

पण धुणे हे अर्धेच काम. वाळवणे हे खरे काम, आणि तिथेच माझा सगळा इतिहास उघडा पडला. आमची जुनी चाळ होती तेव्हा गॅलरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी असे. सकाळचे ऊन तिच्यावर तीन तास राही. कोणाच्या घरी पाळणा हलला हे खालून रस्त्यावरूनच कळे. पांढऱ्या लंगोटांची पताका लागलेली असे. ती चाळ गेली. तिच्या जागी बावीस मजली इमारत आली आणि आम्हांला तीनशे चौरस फुटांचे घर मिळाले. घर चांगले आहे, संडास आत आहे; त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही, कारण रांगेत उभा राहण्यात काय काव्य होते ते ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. पण गॅलरी नाही. गच्चीला कुलूप आहे. आणि लिफ्टशेजारी सोसायटीची सूचना आहे: खिडकीबाहेर कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते, दंड रुपये पाचशे.

तेव्हा माझे चौदा लंगोट पंख्याखाली खुर्च्यांवर पसरले. आषाढाची हवा! इस्त्री फिरवली तरी दमट राहात. बाराव्या दिवशी मुलीच्या जांघा लालबुंद झाल्या आणि तिचे रडणे थांबेना. त्या रात्री दोन वाजता पुतणीने कपाटातून डायपर काढून तिला बांधला. मी जागा होतो. काही बोललो नाही.

माझ्या भाषणातले धोतर खरे होते, गोदडीही खरी होती. खोटे होते ते एवढेच, की ते आपोआप होत असे. वडील गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले; तेव्हा मी दीड-दोन वर्षांचा आणि धाकटी बहीण लवकरच झालेली. चूल चालावी म्हणून आई पंचवीस माणसांचे डबे करू लागली. वडील दीड वर्ष घरात होते. मी परवा आईला विचारले, “तेव्हा बहिणीचे लंगोट कोण धूत होतं?” आई माझ्याकडे बघतच राहिली. एवढा मोठा लेखक आणि असला प्रश्न विचारतो!

आणि त्याच्याही मागे गेलो तर? जुन्या काळाची आरती ओवाळणाऱ्यांनी जरा मागे जावेच. १९२०च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे. बाळंतपणाची पगारी रजा नाही. मुलाला ठेवायचे कुठे? खोलीवर, किंवा गिरणीतच एखाद्या कोपऱ्यात. आणि ते दिवसभर निजून राहावे म्हणून अफूची बाळगोळी. त्या बाळाच्या अंगावर प्लास्टिकचा कणही नव्हता, वाचक! सगळे कसे शुद्ध, नैसर्गिक, अफूसुद्धा शेतातलीच. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक बाळे वर्षाच्या आत दगावली. गावी जन्मून मुंबईत आलेल्या बाळांमुळे हा आकडा फुगला होता हे खरे, पण किती फुगवटा काढाल? बाळंतिणीच्या रजेचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्याच्या बाजूने १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलणाऱ्यांत त्या काळी परळच्या बी. आय. टी. चाळीत राहणारे डॉ. आंबेडकर होते. बाईला मूल होते त्यात समाजाचे हित आहे आणि म्हणून खर्चाचा वाटा मालकाने आणि सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. शंभर वर्षे होत आली. मालक आणि सरकार दूर राहू द्या, घरातला पुरुष अजून बादलीपर्यंत आलेला नाही.

एक पुरुष आला होता, त्याचीही गोष्ट सांगतो. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीत व्हिक्टर मिल्स नावाचे इंजिनियर होते. (आडनाव पाहा: आमच्या नशिबी सगळीकडे गिरणीच!) त्यांना नातवंडाच्या कापडी लंगोटांचा तिटकारा आला, असे सांगतात. त्यांनी कारखान्यातली माणसे कामाला लावली, आणि १९६१ साली त्यांचा फेकून द्यायचा लंगोट बाजारात आला. हजारो वर्षे बायका लंगोट धूत होत्या तोवर जगाला त्यात काही अडचण दिसली नाही; एका आजोबांवर वेळ येताच शोध लागला.

मी डायपरची वकिली करीत नाही. त्याच्या पोटात पाणी धरून ठेवणारी रासायनिक भुकटी असते, वरखाली प्लास्टिकचे पापुद्रे असतात, आणि ते कुजायला माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात. मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला तो १९२७ पासून. आपण गुंडाळी करून डब्यात टाकतो आणि हात धुतो. ती गुंडाळी पुढे कोणाच्या तरी हातात उघडते. डायपरच्या पुड्याबरोबर तो गुंडाळायला वेगळी पिशवी किंवा कागद कारखानदाराने द्यावा, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला. आमच्या घरी आलेल्या पुड्यांत मी शोधली. एकदाही सापडली नाही. म्हणजे धुण्याचा त्रास आईचा वाचला तो सफाई कामगाराच्या अंगावर गेला. कारखानदार कुठल्याच बादलीपाशी नाही.

मग ती खाकी पेटी? तिच्याबद्दल तर मला जास्तच राग आहे. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने या प्रश्नाचा अभ्यास करून २००८ साली सुधारित निष्कर्ष छापले. यंत्रात तापवून वाळवले आणि फार कढत पाण्याने धुतले, तर कापडी लंगोट फेकाऊ लंगोटापेक्षाही पृथ्वीला महाग पडू शकतो. उलट यंत्र पुरते भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर हवेवरचा भार सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. वाचले ना? बांबूचा धागा नाही, सेंद्रिय कापूस नाही. दोरी! आमच्या गॅलरीत होती ती. साहेबाला ती सापडली आणि आम्ही तिच्यावर पाचशे रुपये दंड बसवला.

आणि दोरीला ऊन लागते. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या जमिनीचे काय करायचे याचा नियम १९९१ साली झाला होता: ढोबळ मानाने एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम असा फिरवला, की वाटणी फक्त गिरणीतल्या आधीच रिकाम्या असलेल्या जागेची करायची. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. मोकळी जागा आक्रसली आणि मनोरे उठले. माझ्या खिडकीत सकाळचे ऊन अकरा वाजता समोरच्या मनोऱ्याआडून येते आणि साडेअकराला जाते. ज्या जमिनीवर आमच्या बापांनी कापड विणले, त्याच जमिनीवरच्या काचेच्या दुकानात आता ‘निसर्गस्नेही’ लंगोट विकायला आहे, आणि तो वाळवायला मात्र वीतभर ऊन नाही. ऊन विकून टाकायचे आणि मग त्या बाईला विचारायचे, तू डायपर का वापरतेस!

पुतणीची कचेरीही अशाच एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. २०१७ सालच्या दुरुस्तीने बाळंतिणीला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर हवे असेही ठरले. तिच्याकडे माणसे दोनशे आहेत. पाळणाघराच्या जागेवर तूर्त कॉफीचे यंत्र आहे. बाळाला आईचे दूध मिळावे, याहून निसर्गस्नेही गोष्ट जगात दुसरी कुठली? पण त्या पेटीत ती बसत नाही, म्हणून तिची जाहिरातही होत नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की यापुढे कोणी मास्तर, लेखक, दुकानदार किंवा सासू तान्ह्या बाळाच्या आईला पृथ्वीचे धडे देऊ लागली, तर तिने आधी चार गोष्टी मागाव्या: नळाला पाणी, उन्हात दोरी, कामाच्या जागी पाळणाघर, आणि बादलीपाशी नवरा. चारही मिळाल्या की वडिलांचे धोतर मी कुठूनही पैदा करून देईन. जावईबापू मधूनमधून बाळ बघायला येतात. तिसऱ्या खेपेला मी त्यांना बादली दाखवली. ते बिचारे लगेच बाह्या सारून बसले. घरातल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांना ते आवडले नाही, पण लंगोट स्वच्छ निघाले.

दोरीसाठी मी सोसायटीकडे लेखी अर्ज केला आहे: सकाळी सात ते अकरा गच्ची उघडी ठेवावी आणि तिच्यावर दोन दोऱ्या बांधाव्या. सेक्रेटरी भला माणूस आहे. म्हणाला, “मास्तर, विषयपत्रिकेवर घेतो.” दिवाळीनंतरच्या रविवारी सभा आहे. पत्रिका कालच दाराखालून आली. माझा विषय सातवा आहे. सहावा विषय प्रवेशद्वाराशी बारा शोभेच्या कुंड्या ठेवून ‘हरित सोसायटी’ असा फलक लावण्याचा आहे, आणि त्याला खर्च मंजूर झालेला आहे.