'बोबडा' म्हणण्याआधी कान बघा



पहिलीच्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं अशी येतातच. 'शाळा'ची 'छाला' आणि 'रिक्षा'ची 'लिक्छा' करणारी. मग आई हळूच विचारते, "बाई, वेखंड उगाळून जिभेला लावू का?" वेखंडाने 'र' येत नाही हो. तो बऱ्याच मुलांना उशिराच येतो.

आधी माझी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलाला मी फळ्यापाशी उभं करून दहा वेळा 'बाळ' म्हणायला लावलं. तो दहाही वेळा 'बाल' म्हणाला. वर्ग हसला, आणि खरं सांगते, मलाही हसू आलं. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्याने वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा.

'ळ' अवघडच आहे. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि पुढे आपटायचं, हे "नीट बोल" म्हटल्याने कसं कळणार? आरसा घ्या. आधी 'ट', 'ड' म्हणवून घ्या, जीभ तिथेच लागते. मग 'अळ', 'बाळ', 'फळा'. मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे सराव शेवटच्या किंवा मधल्या 'ळ'चाच करायचा. तोही दोन-तीन मिनिटं, खेळता खेळता. एरवी मूल "छाला छुटली" म्हणालं, तर आपण फक्त "हो का, शाळा सुटली?" म्हणायचं. टोकायचं नाही.

सगळंच दुरुस्त करायला जाऊ नका. आपल्या खडवली, टिटवाळा, वाशिंद भागात कितीतरी घरांत 'पानी'च म्हणतात. तो दोष नाही, घरची बोली आहे. 'पाणी' शाळेत येता येता येईल. 'चार' आणि 'चारा' यांतले 'च' वेगळे, पण लिहायला सारखेच. तिथे मूल अडखळलं तर त्यात त्याचं काय चुकलं? आणि 'ष'चं म्हणाल, तर आपण शिक्षक तरी तो 'श'पेक्षा वेगळा कुठे म्हणतो!

त्या मुलाचं मात्र कारण वेगळंच निघालं. त्याचा कान कित्येक महिने वाहत होता. नीट ऐकूच येत नव्हतं, तर तो बोलणार काय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं पथक शाळेत तपासणीला येतं. वजन-उंचीतच दिवस संपतो, म्हणून अशी मुलं आधी पुढे करा. वांद्र्याला अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. कसारा लोकलने दादर, तिथून वांद्रे. पालकांची एक रोजंदारी बुडते, मला माहीत आहे. तरी पाठवाच.

तो मुलगा आता कॉलेजात जातो, कधी स्टेशनवर भेटतो. 'ळ' स्वच्छ येतो. 'पानी' अजून 'पानी'च आहे.