विश्लेषण : बीडमध्ये ‘१०८’ला उशीर झाला, तर जाब कोणाला विचारायचा?

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. हंगाम संपेपर्यंत गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि अनेक घरांत त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले, तर आधार १०८ क्रमांकाचा. पण गाडी वेळेवर आली नाही किंवा रुग्णालयातून परतलेल्या वृद्धाकडे पाहायला कोणी नसेल, तर जबाबदार कोण?

१०८ आणि १०२ मध्ये फरक काय?

१०८ ही राज्याची सेवा. ती २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यातील २३३ गाड्या अतिगंभीर रुग्णांसाठीच्या सुविधांनी सज्ज, तर ७०४ प्राथमिक सुविधांच्या होत्या. गाडीत डॉक्टर असतो आणि फोन पुण्यातील नियंत्रण कक्षात घेतला जातो. गाड्या चालवण्याचे काम कंत्राटदाराकडे आहे. २०२४ मध्ये राज्याने दुचाकी आणि बोटींसह १,७५६ रुग्णवाहिकांचा नवा करार केला.

१०२ ची गाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात उभी असते. ती प्रामुख्याने गरोदर माता, प्रसूत महिला आणि एक वर्षापर्यंतच्या बालकांसाठी आहे.

या दोन्हींत न बसणारा मोठा गट म्हणजे वृद्ध. फेरतपासणीला जायचे किंवा सुटी मिळाल्यावर घरी परतायचे, तर ती ‘तातडीची’ गरज ठरत नाही. मग एसटी किंवा भाड्याची जीप. ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटी मोफत आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

जिल्ह्याला किती गाड्या हव्यात?

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निकषानुसार एक लाख लोकसंख्येमागे प्राथमिक सुविधांची एक आणि पाच लाखांमागे अतिगंभीर रुग्णांसाठीची एक रुग्णवाहिका हवी. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. म्हणजे अनुक्रमे सुमारे २६ आणि ५ गाड्या. मात्र हा हिशेब फक्त डोकी मोजतो, अंतर नाही. आष्टी-कड्याच्या रुग्णाला अहिल्यानगर जवळ पडते, तर परळी-केजच्या रुग्णाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. एक गाडी लांबच्या फेरीवर गेली, की मागचा परिसर तेवढा वेळ उघडा पडतो.

जिल्हा परिषदेचा अधिकार कुठवर?

उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये राज्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. १०८ चा करार थेट राज्याचा. त्यामुळे गावातील तक्रार जिल्हा परिषदेच्या सभागृहात मांडली, तरी कंत्राटदाराला दंड करण्याचा अधिकार त्या सभागृहाला नाही.

१९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदेला आरोग्य समिती दिली. पण बीडमध्ये २०१७ साली निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रश्न विचारणारे सदस्यच नव्हते.

वृद्धांची काळजी कोणाकडे?

श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये तहसील कार्यालयामार्फत मिळतात. मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. पण जो मुलगा मुकादमाची उचल फेडायला फडात गेला आहे, त्याच्याकडून वसूल काय करणार? येथे प्रश्न नियतीचा नसून ऐपतीचा आणि अंतराचा आहे.

याच कायद्यात जिल्ह्यात किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मात्र राज्य तो ‘उभारू शकते’ अशी शब्दरचना असल्याने ते बंधन ठरत नाही. घरी जाऊन शुश्रूषा करणारी सेवा पुरवण्याचे थेट बंधन तर कोणत्याही स्थानिक संस्थेवर नाही.

इतरत्र काय व्यवस्था आहे?

इंग्लंडमध्ये प्रौढांची सामाजिक काळजी ही मोठ्या स्थानिक परिषदांची कायदेशीर जबाबदारी आहे. रुग्णवाहिका परिषदेच्या मालकीच्या नसतात. तरीही निवडून आलेल्या सदस्यांची छाननी समिती आरोग्य संस्थांना बोलावून माहिती मागू शकते. तिथेही विलंब होतो. पण जाब विचारण्याची जागा ठरलेली आहे.

नागरिक काय करू शकतात?

• १०८ ला फोन केल्याची आणि गाडी आल्याची वेळ लिहून ठेवावी. तक्रारीत हाच पुरावा.

• माहिती अधिकारात तालुकानिहाय फोन, सरासरी वेळ आणि बंद गाड्यांचा तपशील मागावा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.

• मजूर गाव सोडण्यापूर्वीच्या ग्रामसभेत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून ती आशा सेविका आणि आरोग्य केंद्राकडे द्यावी.

• ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन : १४५६७.

यादी करायला नवा कायदा लागत नाही. १०८ चे तालुकानिहाय आकडे दर महिन्याला जिल्हा परिषदेपुढे ठेवायला राज्याचा एक आदेश पुरेसा आहे.