घरच्या दवाखान्याचा कचरा कोण उचलतो?

मार्च २०२० मध्ये नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण आढळला. पुढे दोन लाटांत खाटा अपुऱ्या पडल्या आणि सौम्य लक्षणांच्या असंख्य रुग्णांवर घरीच उपचार झाले. दवाखाना घरात आला, त्याचा कचराही आला. दवाखान्याची शिस्त तेवढी आली नाही.

रुग्णालयांसाठी १९९८ पासून नियम आहेत, ते २०१६ मध्ये नव्याने आले. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली घरांसाठीही सूचना काढल्या. रुग्णाचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा द्यावा, इतरांनी वापरलेले मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवून, कापून टाकावेत. किती घरांत मास्क कापले गेले, हे वाचकांनीच आठवून पाहावे!

अर्थात हा प्रश्न केवळ आपला नाही. साथीआधीचा नेहमीचा कचरा हाताळण्याचीही सोय जगातील ३० टक्के आरोग्य केंद्रांत नव्हती, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटले.

करोना मुख्यत्वे हवेतून पसरतो, कचऱ्यातून त्याचा धोका कमीच, हे पुढे स्पष्ट झाले. सुईचे मात्र तसे नाही. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. मधुमेही घरोघरी आहेत, इन्सुलिनच्या सुया रोज निघतात आणि ओल्या-सुक्यात मिसळून कचरागाडीत पडतात. तेथून भांडेवाडीला. वाटेत त्या पिशवीला हात लावणारा माणूस सहसा हातमोज्यांविना असतो.

तेव्हा सुई वापरल्याबरोबर जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात टाकावी. फिनाइलची रिकामी बाटलीही चालते. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर 'सुया' असे लिहून ती आपल्या डॉक्टरांकडे घ्याल का म्हणून विचारावे. हा डबा प्रत्येक प्रभागात आठवड्यातून एकदा वेगळा उचलणे महापालिकेला अवघड नाही. साथीत पिवळ्या पिशवीसाठी हीच अपेक्षा होती.

रुग्णालयात असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे नियमाने बंधनकारक आहे. कचरागाडीवरील कामगारालाही ती मिळावी. हिपॅटायटिसच्या लसीचे तीन डोस असतात, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. आज सुरुवात केली तरी अर्धे वर्ष जाणार.