इन्चार्ज सिस्टरचा एक तास

छत्रपती संभाजीनगरात कुणाचेही गाऱ्हाणे अखेर क्रांती चौकात येऊन उभे राहते. परिचारिका रस्त्यावर उतरतात तेव्हा भरती, भत्ते आणि कंत्राटीकरण हेच विषय असतात. मे २०२२ आणि जुलै २०२५ च्या राज्यव्यापी संपांतही तेच होते. मागण्या रास्तच. पण वॉर्डात जे सोसावे लागते ते बोलायला हक्काची जागा हवी, ही मागणी फलकावर सहसा दिसत नाही.

घाटीसारख्या, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अकराशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात वॉर्डाची सूत्रे परिसेविकेकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘इन्चार्ज सिस्टर’कडे असतात. त्या खुर्चीपर्यंत नेते ती मुख्यतः सेवाज्येष्ठता. काल सलाइन लावणारी बाई आज ड्युट्या लावते, चादरी मोजते, औषधांचे इंडेंट भरते. रजिस्टरांत दिवस बुडतो आणि खाटेशी असलेले नाते विरत जाते. आपण परिचारिका उरलो की भांडारपाल झालो, असे तिला वाटले तर नवल नाही.

नव्या मुलींना घडवणे हे खरे तिचे काम. पण ‘सुपरव्हिजन’ म्हटले की आपल्याला चूक पकडणारी नजर आठवते आणि पाठोपाठ मेमो. ब्रिटनमध्ये ब्रिजिड प्रॉक्टर यांनी १९८६ मध्ये सुपरव्हिजनची तीन अंगे मांडली: शिकवणे, कामाचा दर्जा राखणे आणि थकलेल्याला सावरणे. कोविडचा घाव ताजा असताना, २०२१ मध्ये, इंग्लंडने परिचारिकांना यासाठी खास प्रशिक्षण देणे सुरू केले.

आपल्याकडे तिसरे अंग पार विसरले गेले आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे, खाटा, डॉक्टर यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण अशा रात्रीनंतर पुन्हा त्याच वॉर्डात ड्युटीवर येणारीला जवळ बसवून कुणी विचारायचे?

छत्रपती संभाजीनगरात शासकीय परिचर्या महाविद्यालय आहे. वॉर्डाच्या चाव्या हाती देण्याआधी परिसेविकेला तिथे हे सावरणे शिकवता येईल. मग महिन्यातून एक तास मन मोकळे करायला, ड्युटीतच धरलेला, पाच-सहा जणींसाठी, दार लावून. रिक्त पदे असताना तो काढणे कठीण आहे. म्हणूनच तो भरतीच्या मागणीला जोडून मागावा. तिथले बोलणे गोपनीय अहवालात जाता कामा नये. त्यासाठी सर्जरीच्या सिस्टरने मेडिसिनच्या मुलींचा तास घ्यावा आणि मेडिसिनच्या सिस्टरने सर्जरीच्या.