पऱ्हाटीचा हिशेब



कापूस वेचून झाला की रानात पऱ्हाटी उरते. ती उपटायची, वाळवायची, मोळ्या बांधून डोक्यावरून घरी आणायची, हे काम बायांचे. पावसाळ्यात ओल्या सरपणाखाली पऱ्हाटीच्या नाहीतर तुराटीच्या चार वाळक्या काड्या घातल्याशिवाय चूल धरत नाही. बाभळीची लाकडे ढीगभर असू द्या, पेटवायला काडी नसेल तर घरभर धूर. ज्याने कधी फुंकणी हातात धरली नाही त्याला हे कळायचे नाही.

या कामाची मजुरी कोणी देत नाही. घरचे काम म्हणून आपणही कधी मागितली नाही. पण दिल्लीच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने पऱ्हाटी सोडलेली नाही! कापसाचा उत्पादन खर्च काढताना सगळा खर्च कापसाच्या नावावर पडत नाही. पऱ्हाटी हे म्हणे उपउत्पादन. तिची किंमत धरायची, त्या प्रमाणात खर्चाचा वाटा तिच्या अंगावर टाकायचा आणि उरलेला तेवढा कापसाचा म्हणायचा. क्विंटलमागचा खर्च तेवढा खाली आला. हमीभाव ठरवताना हाच खर्च समोर धरतात. म्हणजे आमच्या चुलीतली काडी आमच्याच भावातून कापली जाते.

आता दुसरे खाते काय म्हणते ते पाहा. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला. तेव्हापासून कृषी खाते सांगते, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी बांधावर किंवा घराजवळ रचू नका. किडक्या बोंडांत अळी दडून राहते. सांगणे खरे आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण मग चूल कशाने पेटवायची? 2016 मध्ये उज्ज्वला आली, शेगडी मिळाली. 14.2 किलोची टाकी पुन्हा भरायला मात्र रोख पैसा लागतो, आणि तो कापूस विकल्यावरच हाती येतो. तोवर शेगडी फळीवर.

एक हात पऱ्हाटीची किंमत लावतो, दुसरा हात ती नष्ट करा म्हणतो. नष्ट करायची असेल तर तिची किंमत हिशेबातून काढा, आणि ती उपटण्याचा, बारीक करण्याचा खर्च कापसात धरा.

येत्या बैठकीला गावोगावचे आकडे आणा. एकराची पऱ्हाटी उपटायला किती दिवस गेले, किती मोळ्या निघाल्या, वर्षात टाकी किती वेळा भरली. आणि हे आकडे पुरुषांनी पारावर बसून अंदाजाने लिहू नयेत. मोळ्या ज्यांनी वाहिल्या त्यांनाच बैठकीला घेऊन या.